काळं पडलेलं खडप

खडपवाडीला जायचं तर मुरुडहून आगरदांड्याकडे निघालेल्या एसटीतून फाट्यावर उतरावं लागतं आणि मग होडीत बसून लहानशी खाडी ओलांडावी लागते. वस्ती सगळी कोळ्यांची. मागे माडांची रांग, पुढ्यात समुद्र, आणि ओहोटी लागली की उघडं पडणारं लांबच लांब खडकांचं खडप. वेणूबाईचं अर्धंअधिक आयुष्य त्या खडपावर ओणव्याने गेलं.

ती कालवं काढायची. खडकाला चिकटलेलं कवच टोकदार लोखंडाने फोडायचं, आतला गर अलगद वाटीत घ्यायचा आणि पुढच्या कवचाकडे सरकायचं. कवचाच्या कडा ब्लेडसारख्या. रेशनच्या दुकानातलं यंत्र वेणूबाईचं बोटच ओळखायचं नाही, कारण बोटावर ठसा असा उरलाच नव्हता. दुकानदार वैतागायचा. ती म्हणायची, "माझा ठसा खडपावर हाय. मशीन तिकडं घेऊन ये."

तिचा बाप बुधाजी शिडाच्या मचव्यावरचा तांडेल, म्हणजे मचवा हाकणारा म्होरक्या. दिघीहून कौलं न्यायची, उरणकडून मीठ आणायचं, हा त्याचा धंदा. वारा पडला की बुधाजी तोंडावर पंचा टाकून झोपायचा. वारा आला की उठायचा. पुढे इंजिनाच्या लाँचा आल्या. व्यापाऱ्यांना वाऱ्याची वाट बघायला सवड उरली नाही आणि बुधाजीला माल मिळेनासा झाला. मचवा चिखलात रुतून कुजला. वेणूच्या लग्नातला भात त्याच्याच फळ्यांवर शिजला. बाप त्या चुलीकडे पाठ करून बसला होता, हे तिला चांगलं आठवत होतं.

नवरा कान्हा दुसऱ्याच्या बोटीवर खलाशी होता. समुद्राने त्याला कधी काही केलं नाही. कावीळ झाली आणि आठवड्यात गेला. मागे एक लहान होडी आणि शाळेत जाणारा गणराज. वेणूबाईने दुसरं काही शोधलं नाही. खडप होतंच. जोडीला जाऊ होती, कमळ. दोघी सुकतीची, म्हणजे ओहोटीची, वेळ धरून निघायच्या, गुडघ्याएवढ्या पाण्यात भांडायच्या आणि हसायच्या, मग कालवं विकायला मुरुडच्या बाजारात शेजारी शेजारी बसायच्या.

पोराने मात्र दुसऱ्याच्या बोटीवर जाळी ओढू नयेत, असं वेणूबाईच्या मनाने घेतलं होतं. बारावीनंतर गणराज मासेमारीलाच जातो म्हणाला, तर तिने ऐकलं नाही. "बापाने काय कमावलान? तू नोकरी बघ. पगार, पास, सुट्टी." ओळखीपाळखी काढून, दहा दारं झिजवून, तिने त्याला एका टगवर चिकटवला. टग म्हणजे मोठी बार्जं दोराने ओढून नेणारी दणकट बोट. खाडीच्या आत एक कारखाना होता. त्याच्या बॉयलरला लागणारं काळं जाड तेल बार्जमधून यायचं आणि ती बार्जं गणराजची टग ओढायची. नारिंगी जाकीट घालून तो पहिल्यांदा घरी आला तेव्हा वेणूबाईने गावदेवीला नारळ दिला. टग लांबून जाताना दिसली की ती खडपावरून कमरेवर हात ठेवून उभी राहायची. कमळ म्हणायची, "बघतंस काय? तुझा पोर तुला तिथून दिसनार हाय काय?" तरी ती बघायचीच.

पावसाळ्यात सरकार मासेमारी बंद ठेवतं. बोटी वर ओढलेल्या, पुरुष माणसं जाळी शिवत, पत्ते कुटत बसलेली. त्या दिवसांत घरातली चूल बायांवर चालते. खडपावरची कालवं, चिखलातल्या तिसऱ्या शिंपल्या, तिवरांच्या मुळांशी मिळणारे खेकडे. तेवढ्यावर गाव श्रावणापर्यंत तग धरतं.

त्या वर्षी आषाढात बंदरावर वादळाचा बावटा लागला होता. समुद्र खवळलेला. अशात कोणी बार्ज बाहेर काढणार नाही, असंच वाटलं असतं. पण ते निघालं आणि खडपवाडीच्या समोर दोर तुटून टगपासून सुटलं. पहाटे बाया सुकतीला उतरल्या, तर खडपाच्या टोकाला लोखंडाचं एक काळं धूड तिरकं होऊन बसलेलं. पाऊस पडत होता, तरी हवेला पेट्रोल पंपावरचा वास होता.

वेणूबाई पुढे चालत गेली. पायाखाली निसरडं लागलं. शेवाळ असेल म्हणून ती वाकली, तर हात कोपरापर्यंत काळा झाला. लाट येत होती, पण फुटत नव्हती. जड अंगाने वर चढत होती आणि खडकावर थर ठेवून मागे सरत होती. तिने ओळखीचा एक खडक लोखंडाने खरवडला. कवचं सगळी होती. एक फोडलं, आत गर होता, आणि गरावर तवंग. दुसरं फोडलं. तिसरं. मग कमळने तिचा हात धरला.

"चल वर," कमळ म्हणाली. "किती फोडशील?"

"एक तरी बरा असंल."

"न्हाय. चल."

दोन दिवसांनी माणसं आली. गाड्या, छत्र्या, कॅमेरे. तेल उचलायला ठेकेदाराने गावातलीच माणसं घेतली. हातमोजे आणि बूट फोटोच्या दिवशी मिळाले. दुसऱ्या दिवशी ते दुसऱ्या वस्तीवर फोटोसाठी गेले. बाया पत्र्याच्या तुकड्यांनी खडप खरवडत, घमेली भरत. ज्या खडकांवरून जन्मभर गर काढला, त्यांच्यावरून आता डांबर काढायचं. कमळच्या हातांवर फोड आले, ते फुटले, पुन्हा आले. तिचा श्वास चढायला लागला. डॉक्टर म्हणाला, काम थांबवा. ठेकेदार म्हणाला, उद्यापासून येऊ नका.

पंचनाम्याला आलेले साहेब तसे सभ्य होते. समाजमंदिरात खुर्ची टाकून त्यांनी सगळ्यांचं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "बोटींचं नुकसान आहे का? जाळ्यांचं?"

"बोटी वर हायत," मच्छीमार सोसायटीचा चेअरमन विपुल म्हणाला.

"म्हणजे बंदीचा काळ. मासेमारी सुरूच नव्हती. मग नुकसान कसलं दाखवायचं?"

वेणूबाई मागून उठली. "साहेब, खडप मेला आमचा."

"खडक मरत नाही हो बाई," साहेब म्हणाले, आणि ते चेष्टेने नाही, समजूत घालायलाच म्हणाले. "तुमच्या नावावर बोट आहे का?"

बोट नव्हती. कान्हाची होडी होती, ती कुठेच नोंदलेली नव्हती. कालवं काढणं ही मासेमारी नव्हती. मग वेणूबाई त्या समुद्राची कोण होती, हे साहेबांना लिहिता येईना आणि तिला सांगता येईना. ती खाली बसली. पुढे कुणाकुणाला काय काय मिळालं, पण बायांच्या वाट्याला नाव घेण्याजोगं काही आलं नाही.

गणराज आठवड्याने घरी आला. जाकीट अंगात नव्हतं. भाकरी पुढे ठेवली तर नुसती कुस्करत बसला. वेणूबाईला वाटलं, पोरगं भ्यालंय. मरणाच्या तोंडातून आलंय. तिने त्याच्या पाठीवरून हात फिरवला तेव्हा तो बोलला.

"आये, दोर आधीपासून खराब होता. तारा सुटलेल्या. आम्ही सांगितलेलं."

"कोनाला?"

"वर. ते बोलले, पुढच्या फेरीला बदलू. बावटा लागलाय म्हणून कॅप्टन नाय बोलत होता, तर ऑफिसातून फोनवर फोन. कारखान्याचं तेल संपत आलंय, बॉयलर थांबला तर कोण भरून देणार, असं. मग निघालो."

 बाहेर पावसाची झड होती आणि दार लावलं तरी वास आत येत होता.

"मंग ह्या सांग ना तू," ती म्हणाली. "चौकशी हाय मुरुडला. तुलाबी बोलावतील. सांग."

"कॅप्टनने लिहून दिलंय, दोर अचानक तुटला. सगळ्यांनी तेच सांगायचं ठरलंय."

"तू सांग खरा काय ता."

"आणि मग? एकदा असं नाव झालं की दुसरी टग घेईल का मला? तूच लावलंस ना नोकरीला? तूच बोललीस ना, पगार बघ?"

 तो म्हणाला ते खरंच होतं. पण तिच्या मनात होतं की वेळ आली की पोरगं बोलेल. त्याच खडपावरच्या कालवांवर त्याचं अंग पोसलं होतं. तेवढं तरी त्याला कळेल, असं ती धरून चालली.

चौकशी मुरुडला झाली. ती कमळला घेऊन गेली. आत सोडलं नाही, पण खिडकी उघडी होती आणि दोघी व्हरांड्यात भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. गणराजला नाव विचारलं, गाव विचारलं. मग दोराचं.

"दोर चांगला होता, सर," गणराज म्हणाला. "लाट मोठी आली. अचानक तुटला."

आवाज जराही अडखळला नाही. वेणूबाईला त्याचंच जास्त लागलं.  कमळला दम लागला होता, ती पायरीवर बसली. गणराज बाहेर आला तेव्हा त्याने दोघींना पाहिलं. तो थांबला. वेणूबाई कमळला उठवत होती. तिने मान वर केली नाही.

महिनाभरात त्याची गुजरातच्या किनाऱ्यावर बदली झाली, वरच्या हुद्द्यावर. तो फोन करायचा. ती उचलायची, ऐकायची, "बरा हाय" म्हणायची आणि ठेवून द्यायची.

नारळी पौर्णिमेला बोटी पाण्यात गेल्या. पण मुरुडच्या बाजारात गिऱ्हाईक मासळीचा वास घेऊन बघायचं आणि विचारायचं, "तेलातली नाही ना?" खोल समुद्रातली ताजी सुरमई असली तरी खडपवाडीचं नाव ऐकून लोक पुढे सरकायचे. मग सोसायटीची सभा भरली. विषय एकच होता: डिझेलचा कोटा वाढवून मागायचा. धंदा बसला, तर निदान तेल तरी स्वस्त मिळावं. विपुलने ठराव वाचला. हात वर व्हायला लागले.

वेणूबाई सभासद नव्हती. तरी ती बोलली.

"ज्या तेलाने दार काळा केलान, त्याच्याच पाया पडताव तुम्ही?"

"काकी, ते वेगळं तेल, हे वेगळं," विपुल म्हणाला.

"एकाच विहिरीतला हाय. कारखान्याला लागतं, तुम्हाला लागतं, सगळ्यांना लागतं. म्हनून ता बार्ज आयला. आज हा फुटला, उद्या दुसरा येईल. जा लांबून वाहून आनावा लागतं ता कधी ना कधी सांडनारच."

"मग बोटी काय हवेवर चालवू?"

"माझ्या बापाची हवेवरच चालायची."

सभा हसली. कोणीतरी मागून म्हणालं, "म्हणूनच चुलीत गेली." आणखी हसू उसळलं. वेणूबाई ते संपेपर्यंत उभी राहिली. तोंड लाल झालं होतं, पण आवाज चढला नाही.

"हसा. पन एक सांगा मना. तेल सांडला तर खडप मरतं. ऊन सांडला तर काय होतं? मासळी सुकतं. एवढाच ना?"

हसणं ओसरलं. पण ठराव पास झाला. डिझेलशिवाय दुसऱ्या दिवशी बोट निघणार नव्हती आणि घरात खाणारी तोंडं होती. हे वेणूबाईलाही कळत होतं. तिचा राग त्यांनी हात वर केले ह्याच्यावर नव्हता. दुसरं काही असू शकतं, हे मनात आणायलाही कोणी तयार नव्हतं, ह्याच्यावर होता.

कमळने खडप सोडलं. मुरुडच्या एका लॉजवर ती चादरी धुवायला लागली; हातांना साबण चावायचा, पण दम कमी लागायचा. वेणूबाई सवयीने सुकतीला उतरायची. खडकांवर आता रिकामी कवचं होती, उघडी पडलेली. पोटाला काहीतरी हवं होतं. दाराशी कान्हाची होडी पालथी पडली होती.

तिचा भाचा अल्पेश तळा गावी असायचा. छपरांवर सौर पाट्या बसवायचं काम करायचा, पस्तिशीचा, दोन पोरांचा बाप. वेणूबाई एसटी बदलत बदलत त्याच्याकडे गेली आणि म्हणाली, "दिव्याला चालतं ता होडीला चालल का?"

अल्पेशने खोटी आशा दाखवली नाही. "चालेल, मावशी. पण इंजिनाची धाव नाही यायची. खोल समुद्रात नाही नेता येणार. ढग असले तर घरच्या लायटीवर बॅटरी भरावी लागेल."

"मना कुठं समुद्रात जायचाय? खाडी वलांडायची."

खाडीवरची तर, म्हणजे माणसं पलीकडे नेणारी होडी, विपुलच्या भावाची होती, डिझेलची. धडधडत जायची, मागे पाण्यावर रंगीत तवंग सोडायची आणि माणसं भरेपर्यंत सुटायची नाही. अल्पेशने कान्हाच्या होडीवर चार खांब उभे केले, वर काळ्या पाट्यांचं छप्पर घातलं, मागे बॅटरीवरची मोटर लावली. सामान बरंचसं दुसऱ्या कामांतून उरलेलं होतं. बाकीचं वेणूबाईने कसं जमवलं ते तिने कोणाला सांगितलं नाही. गळ्यातलं होतं ते गळ्यात राहिलं नाही, एवढं बायांनी पाहिलं.

होडी पाण्यात गेली तेव्हा काठावर गर्दी जमली. आवाजच होईना. "चालू केलीस का?" कोणीतरी ओरडलं, तोवर ती अर्ध्या खाडीत होती. पोरांनी तिला छत्रीवाली होडी नाव ठेवलं. विपुलच्या भावाने तक्रार केली, परवाना नाही म्हणून. होडी बरेच दिवस बांधून ठेवावी लागली. वेणूबाईने कचेरीत खेटे घातले. शेवटी कोणाला दया आली की कंटाळा, पण परवाना मिळाला. शाळेतली पोरं, बाजाराच्या बाया, म्हातारी माणसं तिच्या होडीत बसू लागली. श्रावणात ती रडतखडत चालायची. दोनदा भर खाडीत थांबली आणि वेणूबाईने वल्ह्याने काठाला लावली. "आता बोलव तुझ्या सूर्याला," विपुलचा भाऊ बाजूने जाताना ओरडला. तिने ऐकून घेतलं.

पुढे त्या कारखान्यानेही छपरावर सौर पाट्या घातल्या. उद्घाटन झालं, भाषणं झाली. अल्पेशनेच येऊन सांगितलं की त्यांचे दिवे, पंखे आणि कचेरी आता उन्हावर चालते. बॉयलर मात्र तेलावरच आहे. बार्जं येतच होती.

दोन वर्षांनी, उन्हाळ्यात, गणराज आला. फाट्याच्या बाजूला खांद्यावर बॅग घेऊन उभा होता, अंगाने भरलेला, डोळ्यांवर काळा चष्मा. होडीत दुसरं कोणी नव्हतं. त्याने वाकून आईचे पाय शिवले. तिने "बस" म्हटलं.

होडी निघाली तसा तो पाट्यांकडे, मोटरीकडे बघू लागला. "भारी केलंस, आये. अल्पेशदादाने फोटो पाठवलेला."

"हं."

"मी आता टगचा सारंग झालो, खलाशी माझ्या हाताखाली. क्वार्टर मिळालीय, दोन खोल्यांची. तुला न्यायला आलोय. बस झालं हे."

"दोर बघतंस का आता, सारंग झालास तर?"

त्याचा चेहरा पडला. "बघतो. खराब असला की बदलून घेतो. खरंच." मग तो पुढे झुकला. "मी एकटा बोललो असतो तर काय झालं असतं, आये? केस दाबलीच असती. खडप परत आला असता का?"

"न्हाय," ती म्हणाली.

"मग?"

वेणूबाईने मोटर बंद केली. होडी खाडीच्या मधोमध हलकेच डुलत राहिली. वस्तीवरच्या चुलींचा धूर दिसत होता.

"साहेबांना सांगितलास ता मना सांग," ती म्हणाली. "माझ्याकडं बघून सांग. दोर चांगला होता म्हन."

गणराजने चष्मा काढला. तोंड उघडलं, पुन्हा मिटलं. त्याने पाण्याकडे पाहिलं. ती थांबली होती. तिला घाई नव्हती. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. तिने हात पुढे केला नाही.

"तिथं बोलता आला," ती म्हणाली. "हितं न्हाय येत."

तिने मोटर चालू केली आणि होडी वळवली, पण वस्तीकडे नाही. आली तशी परत फाट्याच्या काठाकडे.  उतरताना गणराजने बॅगेतून एक पिशवी काढून फळीवर ठेवली, लुगडं असावं. तिने ती उचलून त्याच्या हातात परत दिली.

"कमळला दे," ती म्हणाली. "लॉजवर असंल. तिचे हात बघून ये."

तो चढ चढून रस्त्याकडे गेला. बाजाराहून आलेल्या दोघी बाया टोपल्या डोक्यावर घेऊन काठावर उभ्या होत्या. कोण होता म्हणून त्यांनी विचारलं नाही. त्या त्याला ओळखत होत्या. वेणूबाईने होडी धरली, त्यांचं ओझं उतरवून घेतलं आणि त्या नीट बसल्या की पलीकडे निघाली.